आबांचा खांदा फाटलाय की आखडलाय?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही पुढचं लागेल. तुमचे वडील, आबा, वय ५८. करवीर तालुक्यात घरचं गुऱ्हाळ आहे आणि गुळव्याचं काम अजूनही ते स्वतःच बघतात. नऊ वर्षांपासून शुगर आहे. चार महिने झाले उजवा खांदा दुखतोय, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, सदरा घालताना हात मागे जात नाही. एमआरआयमध्ये सुप्रास्पायनेटसला, म्हणजे खांद्याच्या एका स्नायूला, पार्शल टेअर (अर्धवट फाटलेपण), बर्सायटिस आणि एसी जॉइंटची झीज असं लिहून आलंय. एका डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. गावातली मंडळी म्हणतात, हाडवैद्याकडे न्या, एका झटक्यात हात सोडवून देईल. दिवाळीनंतर गुऱ्हाळ पेटणार. म्हणून तुम्ही विचारताय की खांद्यात नेमकं असतं काय, फाटलेलं आणखी फाटत जाईल का, आणि आता करायचं काय.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कोल्हापुरात चोवीस वर्षं खांदे हाताळतेय. आबांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे इथून निदान सांगणार नाही. पण तुमच्या प्रश्नात मधेच एक वाक्य आहे, बहुधा सहज लिहून गेलात: "मी स्वतः हात धरून वर करायला गेलो तरी जाईना, मध्येच अडकतोय." रिपोर्टातल्या तीन ओळींपेक्षा मला हे वाक्य जड वाटतं. का, ते कळायला खांदा आतून बघावा लागेल.

आपल्याकडे खांदा हा शब्द फार ऐसपैस आहे. बेंदराला बैलांची खांदेमळणी करतात तेव्हा हळद लावून चोळतात ती जागा मानेच्या मुळाशी, जू बसतं तिथली. माणूसही "खांदा धरलाय" म्हणत पुष्कळदा तीच जागा दाखवतो, मान आणि खांदा यांच्यामधला मांसल उतार. तिथं ट्रॅपिझियस नावाचा मोठा स्नायू आहे आणि तिथलं दुखणं बऱ्याचदा मानेतून आलेलं असतं. खांद्याच्या सांध्याचं दुखणं माणूस दंडाच्या बाहेरच्या अंगाला दाखवतो, लहानपणीच्या लसीचा वण असतो त्या पट्ट्यात. सांध्याकडून येणाऱ्या आणि त्या पट्ट्यातल्या कातडीकडून येणाऱ्या नसा मानेत साधारण एकाच पातळीला पोचतात, म्हणून मेंदूची जागेबाबत गफलत होते. आबांना एकदा विचारा, एका बोटानं दाखवा कुठं दुखतंय. बोट कानाखालच्या उतारावर गेलं तर मानही तपासून घ्यावी लागेल. दंडावर गेलं तर पुढचं सगळं त्यांच्यासाठी आहे.

आता हाडं. तुमच्या घरी मटण होत असेल तर पुढच्या वेळी खाटकाकडून फऱ्याचं हाड अख्खं मागून आणा. शिजवून, साफ करून हातात धरा. पातळ, तिकोनी, चपटं पातं. एका बाजूनं मधोमध उभा कणा गेलेला. आणि निमुळत्या टोकाला एक उथळ बशी. माणसाचं पाखोटं थोड्या फरकानं असंच असतं. त्या बशीला ग्लेनॉइड म्हणतात. पाठीवरचा कणा माणसात पुढे वाढून खांद्यावर छपरासारखा येतो, त्या छपराला अक्रोमियन म्हणतात. बोटानं खांद्याचं वरचं टोक चाचपलंत तर लागतं ते हेच.

बकऱ्यात न मिळणारं एक हाड आपल्यात आहे. गळ्याखालून खांद्यापर्यंत आडवं जाणारं, ज्याला सगळे कॉलर बोन म्हणतात. शेळी, गाय, बैल, घोडा यांना ते नसतं. त्यांचे पुढचे पाय धडाला निव्वळ स्नायूंनी लटकवलेले असतात, आणि म्हणूनच शेळी पाय पुढे-मागे छान टाकते पण बाजूला पसरून वर उचलू शकत नाही. आपल्यात हे हाड टेकूसारखं काम करतं, पाखोट्याला छातीपासून बाजूला ढकलून धरतं, म्हणून आपला हात चहूकडे फिरतो. गर्भात सर्वांत आधी हाड धरू लागतं ते हेच, आणि छातीकडचं त्याचं टोक पूर्ण जुळायला पंचविशी उजाडते. दुसरं म्हणजे आपला अख्खा हात, बोटांपासून पाखोट्यापर्यंत, धडाला हाडानं जोडलाय तो फक्त एका ठिकाणी, छातीच्या मधल्या हाडाच्या वरच्या कोपऱ्यात, कॉलर बोनच्या आतल्या टोकाशी. बाकी सगळं स्नायूंवर. पहिल्या वर्षी शरीररचनेच्या तासाला हे ऐकलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. मग सरांनी ठेवलेल्या विच्छेदनात पाखोट्याखालून आमची बोटं थेट फासळ्यांवरून फिरली, मधे हाडाचा एकही सांधा लागला नाही.

दंडाच्या हाडाचं वरचं टोक गोल असतं, मोसंब्याच्या अर्ध्या फोडीसारखं. हे मोसंबं त्या उथळ बशीवर टेकलेलं असतं. कुठल्याही क्षणी त्याच्या गोलाईचा चौथा-तिसरा हिस्साच बशीला लागलेला असतो. कमरेचा सांधा खोल वाटीत बसलेला, म्हणून तो घट्ट आणि त्याची हालचाल कमी. खांद्यानं घट्टपणा सोडून हालचाल घेतलीय. बशीच्या काठानं कूर्चेची एक किनार असते, लॅब्रम, ती बशीला थोडी खोली देते. तरीही हाडांच्या भरवशावर हा सांधा एक मिनिट टिकणार नाही. त्याला जागेवर धरून ठेवतात ते चार छोटे स्नायू आणि सांध्याभोवतीची पिशवी. आबांच्या रिपोर्टात आणि आबांच्या दुखण्यात हीच दोन नावं महत्त्वाची आहेत, म्हणून त्यांच्यापाशी जरा थांबते.

चार स्नायू पाखोट्यावरून निघतात: वरून सुप्रास्पायनेटस, मागून इन्फ्रास्पायनेटस आणि टेरेस मायनर, आणि पाखोट्याच्या पोटाच्या बाजूनं, फासळ्यांकडून, सबस्कॅप्युलॅरिस. चौघांच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारे दोर, दंडाच्या हाडाच्या डोक्यावर एकमेकींत मिसळून कानटोपीसारख्या बसतात. या टोपीला रोटेटर कफ म्हणतात. बहुतेकांना वाटतं सुप्रास्पायनेटस हात उचलतो, तो फाटला म्हणजे हात गेला. खरं काम वेगळं आहे. लांब शिडी उभी करताना बघितलंय ना? एकजण वरून ढकलत नेतो आणि दुसरा बुडाला पाय लावून उभा राहतो. बूड धरणारा नसेल तर शिडी उभी राहायच्या ऐवजी पुढे घसरते. खांद्यावरचा तो फुगीर डेल्टॉइड स्नायू म्हणजे शिडी वर नेणारा. जोर त्याचाच. पण हात उचलायच्या सुरुवातीला त्याची ओढ सरळ वरच्या दिशेनं असते, मोसंबं बशीवरून वर सरकून छपराला आपटेल अशी. चार स्नायूंची टोपी त्या वेळी मोसंब्याला बशीत दाबून धरते. बूड धरणारे हे चौघं. एकाचा हात थोडा ढिला झाला तरी बाकीचे तिघं पुष्कळ वेळा शिडी धरून ठेवतात. अर्धवट फाटलेली कंडरा घेऊन लोक वर्षानुवर्षं पोती उचलतात, ते यामुळे.

छपर आणि टोपी यांच्यामधे बर्सा असतो, आतून ओलसर अशी चपटी पिशवी. दुधाच्या पिशवीच्या दोन ओल्या बाजू बोटांत धरून एकमेकींवर घासल्या तर जशा सरकतात, तसं काम. तो सुजला की हात साधारण साठ ते एकशेवीस अंशांच्या मधल्या टप्प्यात दुखतो, त्याच्या खाली आणि वर कमी. बर्सायटिस शब्दाला एवढंच घाबरा.

पाखोट्याबद्दल आणखी एक गोष्ट, कारण बघणारे सगळे हाताकडे बघतात आणि पाखोट्याकडे कुणी बघत नाही. तुमचा तळहात आबांच्या डाव्या, चांगल्या बाजूच्या पाखोट्यावर ठेवा आणि त्यांना हात सावकाश बाजूनं वर न्यायला सांगा. सुरुवातीला पाखोटं गप्प असतं, मग ते तुमच्या हाताखाली बाहेर आणि वर फिरायला लागेल. पूर्ण हात वर जातो तेव्हा ढोबळमानानं दोन हिस्से हालचाल मोसंबं-बशीची आणि एक हिस्सा पाखोट्याची. म्हणजे १८० अंशांतले साठ पाखोट्याचे. बशी हाताच्या मागे-मागे फिरत राहते, म्हणून मोसंबं तिच्यावरून पडत नाही. हे फिरवणारा मुख्य गडी सेराटस अँटिरियर. तालमीतल्या पैलवानाच्या बगलेखाली फासळ्यांवर बोटं रोवल्यासारख्या रेघा दिसतात, तो हा स्नायू. जोर मारताना शेवटी पाठ वर लोटतात ना, तेव्हा तो राबतो. त्याची नस छातीच्या बाजूनं बरीच लांब, उघड्यावर जाते आणि दाबानं दुखावू शकते. उसाच्या मोळ्या ट्रॉलीत चढवणारा एक तरुण माझ्याकडे आला होता. भिंतीला हात लावून ढकल म्हटलं की त्याचं पाखोटं पंखासारखं पाठीतून बाहेर यायचं. त्याला तोवर दंडाला मालिश करून घ्यायला सांगितलेलं होतं. दंडात काहीच नव्हतं. नस पूर्ववत व्हायला सव्वा वर्ष लागलं.

आता सांध्याभोवतीची ती पिशवी, म्हणजे कॅप्सूल. ही बर्सापेक्षा वेगळी. आबांच्या जुन्या पद्धतीच्या सदऱ्याला बगलेत चौकोनी तुकडा लावलेला असेल, चौबगला. तो का लावतात? हात खाली असताना तिथं कापड सैल पडून राहतं आणि हात वर केला की ते उलगडतं, नाहीतर सदरा कमरेतून वर ओढला जाईल. खांद्याच्या पिशवीलाही देवानं चौबगला ठेवलाय. सांध्याखाली, बगलेच्या बाजूला, पिशवी घडी पडून लोंबत असते. हात वर गेला की घडी उघडते. आणि पिशवीच्या पुढच्या-वरच्या बाजूला एक अस्थिबंध आहे, तो हात बाहेरच्या बाजूला वळवताना ताणतो.

काही माणसांत, बहुधा चाळीस ते साठ या वयात, बायकांत जरा जास्त, आणि शुगर किंवा थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांत बरंच जास्त, ही पिशवी आधी सुजते आणि मग जाड होऊन आखडते. चौबगला शिवून टाकल्यासारखा होतो. पुढचा अस्थिबंध आटतो. कॉडमन नावाच्या अमेरिकन सर्जननं १९३४ साली याला फ्रोझन शोल्डर हे नाव दिलं, आपण गोठलेला खांदा म्हणतो. मला 'आखडलेला' हा शब्द जास्त पटतो, कारण आत खरंच कापड आटल्यासारखं होतं.

इथं तुमच्या त्या वाक्यापाशी परत येऊ. कंडरा फाटली असेल तर आबांना स्वतःहून हात उचलायला त्रास होईल, पण तुम्ही हात धरून नेलात तर तो जाईल. दुखेल, पण जाईल, कारण वाट मोकळी आहे, ओढणारा दोर तेवढा कमजोर झालाय. पिशवी आखडली असेल तर तुम्ही नेलात तरी ठराविक जागी हात थांबेल, कारण वाटच बंद आहे. याची नीट परीक्षा घरी होते. आबांना उताणं झोपवा किंवा खुर्चीत बसवा. दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटलेली, काटकोनात वाकवलेली, मुठी समोर. आता कोपर अंगाला चिकटलेलंच ठेवून तुम्ही त्यांची मनगटं हळूहळू बाहेरच्या बाजूला न्या, आधी चांगली, मग दुखरी. चांगला हात ५०-६० अंश सहज बाहेर जाईल. उजवा जर १०-१५ अंशांतच थांबला, आणि थांबताना आबांनी अंग चोरल्यामुळे नाही तर चामडं ताणल्यासारखं घट्ट होऊन थांबला, तर आखडलेल्या पिशवीचा संशय फार बळकट होतो. त्याच वेळी पाखोट्याकडेही बघा. आखडलेला माणूस हात वर नेताना खांदा कानाकडे उडवतो, कारण मोसंबं फिरेना म्हणून तो सगळी हालचाल पाखोट्यातून काढतो. हे उडवणं फाटलेल्या कंडरेतही दिसतं, म्हणून एकट्या त्यावर निकाल देऊ नका. बाहेर वळवायची परीक्षा जास्त बोलते.

बाहेर वळणं बंद होण्याची आणखी दोन कारणं आहेत: सांध्याची झीज, आणि दंडाचं हाड मागच्या बाजूला निखळून तसंच राहणं. दुसरा प्रकार विरळा, पण फिट आली असेल किंवा विजेचा जोराचा धक्का बसला असेल तर विचार करावाच लागतो, आणि तो नजरेतून सुटतो. दोन्ही गोष्टी साध्या एक्स-रेत कळतात, मात्र बगलेच्या बाजूनं काढलेला एक फोटो हवा. तुमच्या निरोपात एमआरआयचा उल्लेख आहे, एक्स-रेचा नाही. काढला नसेल तर काढा.

मग रिपोर्टात लिहिलंय ते खोटं का? खोटं नाही. पण ५८ वर्षांच्या, आयुष्यभर फावड्यानं पाक घोटलेल्या माणसाच्या खांद्यात ते सापडणारच. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खांदा अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय काढले होते. साठी ओलांडलेल्यांपैकी ५४ टक्के लोकांच्या कफमध्ये अर्धवट किंवा पूर्ण फाटलेपण दिसलं. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. एसी जॉइंट, म्हणजे कॉलर बोन आणि छपर यांचा सांधा, त्याची झीज तर या वयात केस पिकण्याइतकी साधी. एमआरआय हाडा-मांसाचा फोटो आहे. हात किती वळतो, कुठं अडकतो हे त्यात दिसत नाही. ते हातानंच बघावं लागतं, आणि त्याला जेमतेम पाच मिनिटं लागतात. माझी खंत हीच आहे की ती पाच मिनिटं आजकाल सगळ्यात शेवटी येतात.

फाटलेलं आणखी फाटेल का? काहींचं वाढतं, सगळ्यांचं नाही, आणि वाढलं तरी ते सावकाश, वर्षांच्या हिशेबानं. अर्धवट फाटलेल्याला या वयात पहिला उपाय व्यायामाचाच असतो, निदान तीन महिने. छपराचं हाड थोडं तासून जागा करायची ऑपरेशनं पूर्वी सर्रास होत. ब्रिटन आणि फिनलंडमध्ये त्यांची तुलना नुसती दुर्बीण घालून बघून बाहेर काढण्याशी केली गेली. २०१७-१८ च्या सुमारास निकाल आले, तर दोन्ही गटांच्या दुखण्यात सांगण्यासारखा फरक नव्हता.

ऑपरेशनची घाई कधी करायची तेही सांगते. माणूस पडला, किंवा जोराचा हिसका बसला, त्या दिवसापासून हात स्वतःहून उचलेना झाला, पण दुसऱ्यानं उचलला तर वर जातो, आणि सोडला की धपकन खाली पडतो. असं असेल तर कंडरा पूर्ण तुटलेली असण्याची शक्यता आहे. तिथं महिनोन् महिने व्यायाम करत बसू नये, कारण तुटलेला स्नायू मागे ओढला जातो, त्यात चरबी भरते, मग शिवूनही उपयोग होत नाही. आबांच्या बाबतीत तुम्ही पडल्याचं काही लिहिलेलं नाही. आणि आखडलेल्या खांद्यात कंडरा शिवली तर तो आणखी आखडतो. त्यामुळे कुठलंही ऑपरेशन करायचं ठरलं तरी आधी हालचाल परत आणणं भाग आहे.

हाडवैद्याचं. मी त्यांच्याबद्दल वाकडं बोलत नाही. हा कुस्तीचा गाव आहे. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ पासून कुस्त्या बघतंय, आणि तालमीतल्या वस्तादांनी सटकलेले खांदे पिढ्यान् पिढ्या बसवलेत. पण सटकलेला खांदा म्हणजे मोसंबं बशीवरून घरंगळून पुढे-खाली गेलेलं. तिथं ते परत बशीवर आणायचं असतं. (आणि तिथंही आधी एक्स-रे काढावा आणि दंडाच्या बाहेरच्या बाजूला स्पर्श कळतो का बघावं, कारण डेल्टॉइडची नस बरोबर खालून जाते आणि ताणली गेलेली असू शकते. विशीच्या आतल्या पोराचा एकदा सटकलेला खांदा पुन्हा सटकायची शक्यता फार मोठी, म्हणून त्याला आठवड्याभरात मातीत उतरवू नका.) आबांचं मोसंबं बहुधा जागेवरच आहे. भोवतीची पिशवी आटलेली असावी. तिथं झटका मारला तर पिशवी फाटेल, कंडरा फाटेल, कधी दंडाचं हाडही मोडतं. भूल देऊन, ऑपरेशन थिएटरमध्ये, अनुभवी सर्जन हाच हात सोडवतात तेव्हासुद्धा हाड मोडण्याची भीती सांगूनच सही घेतात. भूल न देता, दुखऱ्या अवस्थेत, शुगरवाल्या माणसाला हे करू देऊ नका.

जोर लावणं किती वाईट, हे मी स्वतः शिकले आणि ते शिकताना एका बाईंना त्रास झाला. व्यवसायाचं दुसरं वर्ष होतं. पन्नाशीच्या शिक्षिका, फळ्यावर लिहिताना हात उचलत नव्हता. मी रोज हात ताणायची, त्या रोज रडायच्या, आणि मला वाटायचं दुखल्याशिवाय सुटणार कसा. तीन आठवड्यांत हात होता त्यापेक्षा खाली आला, रात्रीची झोप पूर्ण गेली. पिशवी सुजलेल्या अवस्थेत होती आणि मी रोज तिला नवी जखम देत होते. पुढे २००४ साली नेदरलँड्समधला एक अभ्यास माझ्या हाती लागला. ७७ रुग्ण, दोन वर्षं पाहिलेले. ज्यांना दुखेल इतकं ताणलं त्यांच्यापैकी ६३ टक्के जवळपास पूर्ववत झाले. ज्यांना दुखण्याच्या आत राहून हात वापरा म्हणून सांगितलं आणि फक्त लक्ष ठेवलं, त्यांच्यापैकी ८९ टक्के. तो आकडा वाचताना मला त्या बाईंचा चेहरा दिसत होता. त्यांची मी नंतर माफी मागितली होती. आजही नवीन मुली शिकायला येतात तेव्हा पहिल्या दिवशी हे सांगते.

या आजाराचे टप्पे असतात. आधी काही महिने दुखणं जास्त आणि हालचाल हळूहळू कमी होत जाणं. मग दुखणं उतरतं पण हात अडकलेलाच राहतो. मग तो आपोआप सुटत जातो. सगळं मिळून एक ते तीन वर्षं. शुगर असणाऱ्यांना जास्त वेळ लागतो आणि थोडी आखड मागे राहू शकते. रात्री झोप मोडतेय यावरून आबा पहिल्या टप्प्यात आहेत असं दिसतं. या टप्प्यात हात ताणण्यापेक्षा सूज उतरवणं मोलाचं. सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन याच वेळी सगळ्यात उपयोगी पडतं. फक्त शुगर त्यानंतर काही दिवस चढते, म्हणून देणाऱ्या डॉक्टरांना शुगरचे आकडे आधी दाखवा आणि नंतर आठवडाभर घरी तपासत राहा. तीन महिन्यांच्या सरासरीची शुगर आणि थायरॉइड, या दोन तपासण्या करून घ्या.

घरी करायचं ते इतकं साधं आहे की लोकांचा त्यावर विश्वास बसत नाही. आबांनी डावा हात टेबलावर टेकवून पुढे वाकायचं, उजवा हात विहिरीतल्या दोरासारखा मोकळा सोडायचा, आणि अंग हलवून तो हात हलू द्यायचा, दोन-तीन मिनिटं. हाताच्या जोरानं फिरवायचा नाही. मग उताणं झोपून दोन्ही हातांत काठी धरायची, चांगल्या हातानं काठी ढकलत दुखरा हात बाहेरच्या बाजूला न्यायचा, कोपराखाली घडी घातलेला टॉवेल. ताण जाणवला की थांबायचं, तिथं दहापर्यंत आकडे मोजायचे, परत यायचं. नंतर तीच काठी धरून हात डोक्याकडे. प्रत्येकी दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा, आंघोळीनंतर गरम अंगानं केलं तर उत्तम. मोजमाप असं: व्यायामानंतर अर्ध्या तासात ठणका थांबला पाहिजे. थांबला नाही तर जास्त झालं, उद्या कमी करा. झोपताना उताणं, उजव्या कोपराखाली उशी, म्हणजे दंड मागे लोंबकळणार नाही. कुशीवर झोपायचंच तर डाव्या, आणि उजवा हात छातीशी धरलेल्या उशीवर. निम्म्या लोकांना एवढ्यानंच पहिली चांगली रात्र मिळाल्याचं मी पाहिलंय.

एक गोष्ट खांद्याची नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. खांद्यात दुखतं म्हणजे दुखणं खांद्याचंच असतं असं नाही. पित्ताशयाचं दुखणं उजव्या खांद्यावर येतं, कारण पोट आणि छाती यांच्यामधल्या पडद्याची नस मानेतूनच निघते. हृदयाचं दुखणं खांद्यात आणि दंडात येतं, डाव्या बाजूला जास्त पण उजव्यालाही. हात हलवल्यानं न वाढणारं आणि चालताना, जिना चढताना वाढणारं दुखणं, दरदरून घाम, धाप, असं काही दिसलं तर व्यायाम वगैरे बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठा. शुगरवाल्यांत हृदयाचं दुखणं अंधुक येतं, म्हणून हे जास्त जोर देऊन लिहितेय.

आणि गुऱ्हाळ. या हंगामात आबांच्या हातात फावडं नको, काहिलीवर वाकून ढवळणं नको, ढेपा उचलणं नको. पण गुळव्याची खरी विद्या बघण्यात आणि बोटांत आहे. उकळी कशी येतेय, पाण्यात टाकलेल्या थेंबाची गोळी कशी होतेय, काहील कधी उतरवायची, हे सांगायला कोपरापासून खालचा हात पुरतो, आणि तो त्यांचा शाबूत आहे. त्यांना घरी बसवून ठेवू नका. चुलवाणापाशी खुर्ची टाका, घोटायला दुसरा गडी लावा. दर आठवड्याला, त्याच वारी, कोपर अंगाला लावून हात किती बाहेर जातो ते भिंतीवर पेन्सिलीनं खूण करून ठेवा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा रिपोर्टाच्या आधी त्या खुणा सांगा आणि तुमचं ते वाक्य जसंच्या तसं म्हणा: दुसऱ्यानं उचलला तरी जात नाही. सहा आठवड्यांत रात्रीची झोप सुधारली नाही, किंवा हात स्वतःहून उचलणं अचानक थांबलं, तर परत लिहा, आणि जमलं तर आबांना घेऊनच या.